निंबाखाली पाठमोरी माणसं

फाल्गुन सरत आला की वसमतच्या आसपास हळद शिजू लागते. शेताशेतांत भट्ट्या पेटतात, वाफेचे लोट उठतात आणि दुपारी वारा फिरला की तो वास गावात शिरतो. ओली माती, कच्चं आलं आणि धूर यांचा मिळून झालेला एक जड वास. लोकांना तो आवडतो. वर्षभराच्या कष्टाचं सोनं घरात येतंय, असा तो वास. का आवडू नये? मी मात्र खिडक्या लावून घेते. बालवाडीतली माझी जोडीदारीण दरवर्षी हसते, म्हणते, "बाई, साऱ्या गावाला सुगंध, आन् तुमाला तेवढी सर्दी!" मी हो म्हणते. सर्दी म्हटलं की पुढचे प्रश्न टळतात.

खरं म्हणजे त्या दिवसांत माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट ठणकायला लागतं. एरवी ते निपचित असतं. त्याच्या टोकाला गरम कळत नाही, गार कळत नाही, फळ्यावर खडू धरला तरी तो धरलाय हे डोळ्यांनी बघावं लागतं. पण हळद शिजायला लागली की त्याला आठवतं. बाकी शरीर विसरायला तयार असतं, हे बोट तेवढं हट्टी आहे.

आमचं घर रस्त्याला लागून. पुढं पत्र्याची शेड, शेडीपुढं मोकळी जागा आणि जागेच्या कडेला कडुनिंब. शेडीत माझ्या नवऱ्याचं गॅरेज होतं. सगळे त्यांना दत्ता मिस्तरी म्हणायचे, म्हणून मीही मनातल्या मनात त्यांना मिस्तरीच म्हणायचे. तोंडानं अर्थातच 'अहो'. नव्वदच्या सालांत इथं जुन्या जीपा धावायच्या, काळ्या-पिवळ्या. जागा सात माणसांची, पण आत बारा कोंबलेली आणि दोघं मागं लटकलेली. त्या जीपांच्या इंजिनाचा पट्टा, म्हणजे फॅनबेल्ट, बदलणं म्हणजे मिस्तरींच्या डाव्या हाताचा मळ. एक बोल्ट ढिला करायचा, डायनॅमोला पहारीचा रेटा द्यायचा, पट्टा ताणला की बोल्ट आवळायचा. हे सगळं होईस्तोवर त्यांची गोष्ट सांगून व्हायची आणि चहाही गार व्हायचा नाही. नरसीचे लोक यायचे, पुसेगावचे यायचे. वाटेत दुसरी गॅरेजं लागायची, ती सोडून यायचे. म्हणायचे, मिस्तरीचा हात लागला की गाडी वर्षभर तोंड वर करत न्हाई.

मला त्या हातांचा तोरा होता. नवऱ्याच्या रूपाचा असतो, पगाराचा असतो, तसा मला त्यांच्या हातांचा. रुंद पंजे, नखांत कायम काळं, आणि तरी पोळीचा घास मोडताना अगदी नाजूक. देवानं इतक्या मोठ्या हातांना इतकी नजाकत कशी दिली, असं मला वाटायचं. पुढं देवानंच ती परत मागितली.

नवं शतक लागल्यावर गाड्या बदलल्या. पहिली तसली गाडी आमच्याकडं आणली ती थावरूभाऊंनी. थावरू राठोड, सेनगावकडच्या एका तांड्यावरचे. आजोबा बैलांवर माल लादून मुलूख फिरलेले, वडील शेतीत रमलेले, आणि यांच्या पायात पुन्हा आजोबांचीच भिंगरी आली. जुनी जीप विकून त्यांनी नवी घेतली होती. मिस्तरींनी बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून ते बोटानं पट्टा चाचपत राहिले. त्या गाडीत तीन पट्ट्यांच्या जागी एकच लांबलचक पट्टा होता. खालच्या मोठ्या पुलीवरून निघून पाण्याच्या पंपावर, तिथून डायनॅमोवर, तिथून स्टेअरिंगच्या पंपावर असा वेटोळी घेत जाणारा. आणि त्याला ताणून धरायला एक स्प्रिंगचा दांडा, टोकाला चाक. त्याला टेन्शनर म्हणतात. बोल्ट नाही, पहार नाही. दांड्याच्या नटाला पाना लावून स्प्रिंगच्या उलट ओढायचं, चाक पट्ट्यावरून दोन बोटं उचललं जातं, तेवढ्या वेळात पट्टा काढायचा किंवा घालायचा. मग दांडा हळू परत आणायचा. सोडून दिला तर तो फटकन बसतो. मिस्तरींनी पट्ट्याची ती वाट शेडीच्या पत्र्यावर खडूनं काढून ठेवली, कुठून कुठं जातो ती. ते चित्र अजून पत्र्यावर आहे. पावसाळे गेले, पुसलं गेलं नाही.

अडचण जागेची होती. इंजिन आणि पुढची जाळी यांच्यामध्ये जेमतेम वीतभर फट. त्यात पाना आणि मिस्तरींचा पंजा शिरला की उंदीरही मावायचा नाही. पट्टा पुलीवर चढवायला दुसरा हात हवा, आणि तोही बारका. मिस्तरींनी माझ्याकडं पाहिलं. कासारीण दर संक्रांतीला बांगड्या भरताना माझा हात धरून सगळ्या बायकांना दाखवायची, "बघा गं, लग्नाला इतकी वर्सं झाली, आन् माप कुवारणीचं!" तो हात शेवटी इंजिनात कामाला आला.

हात आत जायला बांगड्या काढाव्या लागत. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, ते बिलकूल खपेना. सवाष्णीनं नवऱ्यासमोर रिकाम्या मनगटानं उभं राहायचं म्हणजे काय? दोन दिवस घरात धुसफूस झाली. मग त्यांनीच तोड काढली. हळदीत भिजवलेला सुताचा दोरा त्या माझ्या मनगटाला बांधायच्या, मग मी बांगड्या उतरवायच्या, शेडीतल्या खिळ्याला अडकवायच्या, आणि काम झालं की बांगड्या भरून मगच दोरा सोडायचा. हात एक क्षणही उघडा राहता कामा नये. मी त्यांना म्हणायचे, "आत्याबाई, इंजिनाला काय कळतंय?" त्या म्हणायच्या, "इंजिनाला न्हाई कळत, पन त्येच्या वरल्याला कळतं."

आणि पुढं काही महिन्यांनी असं होऊ लागलं, मी बांगड्या खिळ्याला अडकवल्या की बाहेरची माणसं उठायची. ड्रायव्हर असोत, मालक असोत, सवाऱ्या असोत, सगळे निंबाखाली जायचे आणि आमच्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभे राहायचे. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. पहिल्यांदा ते थावरूभाऊंनी केलं, मग बाकीच्यांनी उचललं. मला फार बरं वाटायचं. बाईमाणूस पदर खोचून, मोकळ्या मनगटानं काम करतंय, तिच्याकडं बघू नये, एवढी अदब या रांगड्या माणसांत आहे. मी हे माहेरी सांगायचे, बालवाडीत सांगायचे. आमच्याकडची माणसं अशी आहेत, म्हणून छाती फुगवायचे.

त्या फटीत आमचे दोनच शब्द चालायचे. पाना ओढून चाक उचललं की मिस्तरी म्हणायचे, "सुटला." मग मी आंधळ्यासारखी चाचपडत पट्टा वरच्या पुलीवर चढवायची. पट्ट्याला आतून सहा कडा, पुलीला सहा खाचा. एक खाच जरी चुकली तरी पट्टा कडेनं कुरतडला जातो आणि आठ दिवसांत तुटतो. दिसायचं काही नाही, म्हणून मी बोटाच्या टोकानं खाचा मोजायची. एक, दोन, तीन करत सहा झाल्या की म्हणायची, "बसला." मग ते दांडा हळू परत आणायचे. आमच्या संसारात इतका बिनचूक संवाद दुसरा कुठला झाला नाही. एरवी मी काही विचारावं आणि त्यांनी भलतंच उत्तर द्यावं. तिथं मात्र कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ, दोघांचा घाम एकाच पत्र्यावर टपकतोय, आणि दोन शब्दांत सगळं समजतंय. मला ते काम आवडायचं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आता बोलून उपयोग नाही.

पहिल्यांदा वाजली ती बशी. मिस्तरींनी चहाची कपबशी हातात घेतली की कप बशीवर टकटक वाजायचा. आत्याबाईंना वाटलं, पोराला अशक्तपणा आलाय. त्यांनी डिंकाचे लाडू केले. मी कपबशी बंद करून स्टीलचा पेला द्यायला लागले, तोही अर्धाच भरून. उजवा हात मांडीवर नुसता ठेवला तरी अंगठा आपोआप हलायचा, तांदूळ निवडावेत तसा. गंमत अशी की पाना हातात धरला की थरथर थांबायची. म्हणून आम्हाला वाटलं, कामाचं भय नाही. रिकामा हात हलतो तर हलू दे.

मी एकदा म्हटलं, नांदेडला दाखवू या. मिस्तरी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "येष्टीत बसलो की अर्धा स्टँड इचारतो, मिस्तरी, कुठं चालले? काय सांगू? हात दावायला चाललो? मिस्तरीचा हात हालतो म्हनल्यावर गाडी कोन लावून राहिला आपल्याकडं?" आत्याबाई आतून म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. गावभर डांगोरा कशाला?" आणि मला ते पटलं. हे मी स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढं मी कितीदा मनातल्या मनात सगळा दोष त्या दोघांवर टाकून पाहिला आहे. पटलं मला. मीच मग त्या मुठीची राखणदार झाले. बारीक नट खाली पडले की मी आधीच वाकायची. कुणी चहा दिला की "त्यांना पित्ताचा त्रास हाय" म्हणून तो मीच घ्यायची. बाहेर गाडी थांबली की मिस्तरींच्या हातात आधी पाना द्यायची, मग माणसाला आत बोलवायची. इतकी सफाई आली मला त्यात की आपण खोटं वागतोय हेही जाणवेना.

त्या वर्षी हळद जोरात होती. गाड्यांच्या टपावर, जाळीत, पुल्यांच्या खाचांत पिवळी भुकटी बसलेली असायची. बॉनेट उघडलं की शिंक यायची. वर लग्नसराई. उन्हानं पट्टे तडकायचे आणि रस्त्यात तुटायचे. आमच्या दारात रोज दोन गाड्या. मिस्तरी थकत होते. स्प्रिंग ओढून धरायला ताकद लागते. थरथर थांबली तरी बळ कमी होत चाललं होतं. "सुटला" म्हणाल्यावर पूर्वी मला अख्खा श्वासभर अवसर मिळायचा, आता तो अर्ध्यावर आला होता. मी बोटाचा वेग वाढवला. त्यांना काही म्हटलं नाही.

ती थावरूभाऊंचीच गाडी होती. भर दुपारी ढकलत आणली, पट्टा तुटून पाणी उकळलेलं. आत नवरदेव. हळद लागलेला, मुंडावळ्या बांधलेला, हातात कट्यार. वऱ्हाड पुढं गेलेलं आणि मुहूर्ताला दोन तास उरलेले. "मिस्तरी, इज्जत तुमच्या हाती," थावरूभाऊ म्हणाले. इंजिन निवायलाही वेळ नव्हता. ओल्या पोत्यानं थोडं निववलं. आत्याबाईंनी दोरा बांधला, मी बांगड्या खिळ्याला लावल्या. माणसं निंबाखाली गेली. नवरदेवाला मात्र इंजिन बघायची भारी हौस. तो पुढं पुढं करायला लागला तसं थावरूभाऊंनी त्याला खांद्याला धरून फिरवलं. "चाल तिकडं. नवरदेवानं उघडं इंजिन बघू न्हाई."

"काहून?" नवरदेव म्हणाला.

"आपल्यात बघत न्हाईत."

मला त्याही घाईत हसू आलं. तांड्यावर कसल्या कसल्या रीती असतात, म्हटलं.

मिस्तरींनी पाना लावला, ओढला. "सुटला." मी पट्टा वर चढवला आणि बोट आत घालून खाचा मोजू लागले. एक. दोन. तीन. चार. पाचवीला पाना निसटला.

पाना निसटला, हे मी लोकांना सांगायला शिकलेलं वाक्य आहे. पाना जागेवर होता. त्यांचा हात सुटला.

दांडा फटकन बसला, पट्टा ताणला गेला आणि माझं बोट पट्टा आणि पुली यांच्या मध्ये गेलं. खांद्यावरचा पदर मी दातांत धरला. मिस्तरींचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. त्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. मी पदरातूनच म्हटलं, "ओढा." त्यांनी पाना धरला, ओढला. चाक हललं, पण पुरेसं नाही. पुन्हा ओढला. दोन्ही हात आता थरथरत होते, पाना धरलेले असूनही. ते कुजबुजले, "हाक मारू का थावरूला?"

निंब इथून कितीसा लांब! माणसं तिथं उभीच होती, धडधाकट, बैलासारख्या ताकदीची. एकाच्या एका हिसक्याचं काम.

मी मान हलवली. नको.

मी नको म्हटलं. बोट माझं होतं, मूठही माझीच होती राखायला. त्यांनी छाती जाळीवर टेकली, डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा ओढलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. बोट मोकळं झालं. मी ते पदरात गुंडाळलं, डाव्या हातानं पट्टा सारखा केला, सहावी खाच चाचपली आणि म्हटलं, "बसला." मोठ्यानं म्हटलं, निंबाखाली ऐकू जाईल असं. गाडी सुरू झाली. थावरूभाऊंनी दुरूनच हात जोडले आणि नवरदेव लग्नाला गेला.

मग मिस्तरी माझ्यासमोर जमिनीवर बसले. आत्याबाईंनी मूठभर हळद आणून बोटावर दाबली. त्या वर्षीचीच हळद, ताजी. बोटाचं टोक चिरडलं होतं आणि नख गेलं होतं. मी म्हणाले, "माझीच घाई झाली. तुमी सुटला म्हनायच्या आधीच घातलं मी बोट." ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय. तुला लई घाई असती." आणि उठून नळावर हात धुवायला गेले. ते बराच वेळ धूत होते.

गावाला सांगितलं, कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये बोट गेलं. आमच्याकडं ना जनावर ना कडबा, पण कुणीही विचारलं नाही की कुट्टी कुणाची. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरी एका उभ्या गाडीच्या फटीत रॉकेलची चिंधी घालून काही पुसत होते. मला बोलावलं. टेन्शनरच्या दांड्याला एक भोक होतं, चण्याएवढं. मागच्या पत्र्यालाही तसंच. हळदीच्या भुकटीनं आणि तेलानं लिंपून गेलेलं. दांडा ओढला की दोन्ही भोकं एकासमोर एक येत. "यात खिळा घातला का दांडा अडकून राहतो," ते म्हणाले. "मग धरून ठेवायचं कामच न्हाई." गाडी बनवणाऱ्यानं सोय करून ठेवली होती. आम्हाला ती कुणी सांगितली नव्हती आणि विचारायला आम्ही कुठं गेलो नव्हतो. त्यांनी एक जाड खिळा घासून त्या मापाचा केला आणि सुतळीनं शेडीच्या खांबाला बांधला. माझ्या बांगड्यांच्या खिळ्याच्या बाजूलाच. त्यानंतर त्यांनी मला इंजिनात हात घालू दिला नाही. लांब पट्ट्याची गाडी आली की म्हणायचे, "हा पट्टा आपल्याकडं न्हाई." हळूहळू पंक्चर आणि ऑइल उरलं. मग तेही गेलं.

नांदेडला गेलो तेव्हा बोटाला तीन उन्हाळे होऊन गेले होते. आता मूठ झाकण्यात काही राहिलं नव्हतं. मान हलायची, पाऊल उचलायचं नाही. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, कंपवात आहे, बरा होणारा नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "पण औषध आधी सुरू केलं असतं, तर हात आणखी काही वर्षं कामाचे राहिले असते. इतके दिवस थांबलात का?" मिस्तरी खाली बघत होते. मी म्हटलं, "हळदीचा सीझन होता." डॉक्टरला काय कळणार त्यातलं.

आत्याबाई आधी गेल्या, ते बरं झालं. पुढच्या थंडीत मिस्तरींच्या छातीत कफ भरला आणि दहा दिवसांत तेही गेले. शेवटी शेवटी मी घास भरवायची तेव्हा ते माझ्या त्या बोटाकडंच बघत राहायचे. तोंडानं त्या दुपारचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकमेकांपासूनही झाकायला शिकलो होतो.

मागच्या हळदीची गोष्ट. बालवाडी सुटून मी घरी आले तर शेडीपुढं थावरूभाऊंची गाडी. तीच, आता पार खिळखिळी. त्यांच्या मिशाही पांढऱ्या झालेल्या. पट्टा चिरत चालला होता आणि बाजाराचा दिवस, कुणी हात लावायला तयार नव्हतं. नवा पट्टा त्यांच्याकडं होता. "वहिनी, तुमाला तकलीफ द्यायची नव्हती," ते म्हणाले. मी म्हटलं, बघते. शेडीतून पाना काढला, खांबाचा खिळा सोडला. बॉनेटपुढं उभी राहिले आणि सवयीनं डावा हात उजव्या मनगटावर गेला. तिथं काढायला काही नव्हतं. हात आता कसाही, कधीही आत जात होता.

मान वर केली तर थावरूभाऊ निंबाखाली गेलेले, रस्त्याकडं तोंड करून.

मला हसू आलं, रागही आला. म्हटलं, "थावरूभाऊ, आता काहून पाठ करून राहिले? माझ्या हातात बांगड्या ऱ्हायल्या न्हाईत."

ते वळले नाहीत. "तुमच्या बांगड्यांसाठी न्हाई, वहिनी."

"मंग?"

रस्त्यानं हळदीची एक गाडी गेली. मग थावरूभाऊ म्हणाले, "मिस्तरीचा हात हालायचा न्हवं. कोनी बघितलं का जास्तच हालायचा. आमाला समद्यालाच मालूम व्हतं, पयल्यापासून. स्टँडवर ठरलं व्हतं आमचं, मिस्तरी कामाला लागला का तिकडं बघायचं न्हाई."

माझा हात बॉनेटवर होता. पत्रा तापलेला असणार. बोटाला कळत नव्हतं.

"माझं बोट गेलं त्या दिवशी?" मी विचारलं.

"इथंच उभा व्हतो. नवरदेवाला धरून. काई तरी झालं, हे कळलं मला. कान तिकडंच व्हते. म्हनलं, वहिनी हाक मारतीन. मारली का पळायचं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तुमी मारली न्हाई."

एवढंच. मी त्यांना विचारणार होते, मग तुम्ही का नाही आलात? इतकी वर्षं मी जीव काढून झाकत होते, तुम्ही एक शब्द का नाही बोललात? मी मिस्तरींना घेऊन उघड्या माथ्यानं नांदेडला गेले असते. आधी गेले असते. पण हे विचारायचं कुणाला? जे मी केलं, तेच त्यांनी केलं. आम्ही दोन्हीकडून एकाच माणसाची अब्रू राखत होतो, आणि मधल्या मधे तो माणूस कामातून गेला. इतक्या भल्या माणसांनी मिळून केलेली चूक कुणाच्या पदरात घालायची?

मी पाना लावला. डाव्या हातानं ओढला. स्प्रिंग म्हातारी झाली होती, चाक उचललं गेलं. उजव्या हातात खिळा धरून भोक शोधू लागले. सापडेना. त्या बोटाला भोक कळत नव्हतं, कड कळत नव्हती, खिळा हातात आहे की पडला तेही कळत नव्हतं. डावा हात भरून आला, थरथरायला लागला. दांडा माझ्या हातातून हळूहळू परत जाऊ लागला. त्या फटीत समोर कुणी नव्हतं.

निंबाखाली ती पाठ तशीच उभी होती.

"थावरूभाऊ," मी हाक मारली. "या."

ते आले. दहा पावलं होती. मी मोजली.